सोळा पानांचा डाव: घरच्या कॅटवर ‘लव्ह लेटर’ कसा खेळायचा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पारा चाळिशीच्या वर, रस्ते ओस, घरात तीन-चार डोकी आणि कपाटात पत्त्यांचा कॅट. मेंढीकोटला चार जण लागतात आणि जोड्या जमाव्या लागतात. रमीचा डाव लांबतो, आणि एकदा सुटलेला माणूस नुसता बसून राहतो. दोन, तीन किंवा चार जणांत होणारा, एक डाव पाच मिनिटांत संपणारा आणि तरी डोकं लावायला लावणारा खेळ हवा असेल तर ‘लव्ह लेटर’ शिकून घ्या. सेइजी कानाई या जपानी खेळकाराने तो रचला आणि २०१२ मध्ये तो बाजारात आला. मूळ खेळात पानं फक्त सोळा. ती आपल्या साध्या कॅटमधून सहज निघतात.

गोष्ट अशी: राजकन्येला प्रेमपत्र पोहोचवायचं आहे, पण ते थेट तिच्या हातात देता येत नाही. वाड्यातल्या कुणाच्या तरी हाती द्यावं लागतं. तुमच्या हातातलं पान म्हणजे ते पत्र सध्या ज्याच्याजवळ आहे तो माणूस. डाव संपताना ज्याचा माणूस राजकन्येच्या सर्वांत जवळचा, त्याचं पत्र पोहोचलं. म्हणून मोठं पान चांगलं. पण मोठं पान हातात आहे हे दुसऱ्याला कळलं की तुम्ही गेलातच.

पानं निवडणं

कॅटमधून ही पानं काढा: चारही एक्के, दोन दुर्र्या, दोन तिर्र्या, दोन चौक्या, दोन पंज्या, एक छक्की, एक सत्ती, एक अठ्ठी. ही पंधरा झाली. एक्के पाच लागतात आणि कॅटमध्ये चारच असतात, म्हणून पाचवा एक्का म्हणून एक दश्शी घ्या. दश्शीच्या कोपऱ्यात ‘१०’ असतो, त्यातला एकच वाचायचा, हे मुलांच्याही लगेच लक्षात राहतं. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांना या खेळात काही अर्थ नाही.

पाचव्या एक्क्यासाठी जोकर घ्यावा असं पहिल्यांदा सुचतं. तो घेऊ नका. जोकर वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिलेला असतो. त्याची पाठ स्वच्छ आणि कोपरे टोकदार राहतात. बाकीच्या मळक्या पानांत तो पाठीवरूनच ओळखू येतो. बावन्न पानांच्या खेळात एखादं पान पाठीवरून ओळखू आलं तर फार बिघडत नाही. सोळा पानांत, जिथे प्रत्येकाच्या हातात एकेकच पान असतं, तिथे खेळच उरत नाही.

याच कारणाने, ज्या कॅटवर तुमच्या घरी ‘सात-आठ’ हा पत्त्यांचा खेळ खेळतात तो कॅट इथे वापरू नका. सात-आठमध्ये अठ्ठीपासून वरची सगळी पानं आणि दोन सत्त्या एवढीच हाताळली जातात. एक्के, दश्शी, अठ्ठी वापरून मऊ पडतात आणि दुर्री ते छक्की कोरी राहतात. असा कॅट पालथा पसरून पाहा, दोन ढीग दिसतात. सोलापूरच्या बाजारात, नवी पेठेत किंवा मधल्या मारुतीजवळ, नवा कॅट घ्या आणि सोळा पानं त्याच दिवशी वेगळी काढून ठेवा, म्हणजे ती एकत्रच जुनी होतील.

घरी पानं बनवायची असतील तर जाड, गडद रंगाचं कार्डशीट घ्या. एका ए-फोर कागदातून ६ बाय ९ सेंटिमीटरची नऊ पानं निघतात, म्हणजे दोन कागदांत अठरा, दोन जादा. स्टीलची पट्टी आणि ब्लेडने कापा, कात्रीने कडा वेड्यावाकड्या होतात. बॉलपेनने आकडे लिहू नका, त्याचा वण मागच्या बाजूला उठतो आणि बोटाला लागतो. स्केचपेनने हलक्या हाताने लिहा आणि ट्यूबलाइटसमोर धरून आकडा आरपार दिसत नाही ना, ते पाहा. जुन्या लग्नपत्रिकांपासून पानं करायचा मोह होतो, पण दोन पत्रिकांची जाडी सहसा सारखी नसते.

गुणांसाठी तेरा चिंचोके घ्या. शेंगा नकोत, सोलापुरात त्या डाव संपेपर्यंत टिकत नाहीत. तेराच का, ते शेवटी येईल.

बैठक

शहाबादी फरशीवर थेट खेळू नका. गुळगुळीत पान फरशीला चिकटून बसतं, ते नखाने उचलावं लागतं आणि दोन दिवसांत कोपरे मोडतात. मोडलेला कोपरा म्हणजे पाठीवरची खूणच. खाली चादर दुहेरी घडी करून अंथरा, पान बोटाने दाबलं की कडेने वर येतं. सोलापुरी चादरीची नक्षी भरगच्च असते आणि उघडी पानं त्यात नीट दिसत नाहीत, म्हणून वर साधा पांढरा पंचा टाका. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत पानाची कड अडकते.

पंखा बंद करणं मेमध्ये शक्य नाही. गड्डीवर काही ठेवायची गरज नाही, पण डावाच्या सुरुवातीला एक पान बाजूला काढायचं असतं, ते एकटं उडतं आणि उलटतं. ते फुलपात्राखाली ठेवा.

आणि हात पुसून बसा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल, असं जेवण करून लगेच पानं हातात घेतली की एका बोटाचा तेलकट ठसा एका पानाच्या पाठीवर बसतो. ते पान अठ्ठी निघालं तर त्या दिवसापासून अठ्ठी कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत.

वाटणं आणि खेळी

सोळा पानं नीट पिसा. पानं थोडी असल्यामुळे दोन-चारदा वरवर पिसून भागत नाही. मागच्या डावात सगळ्यांसमोर रांगेत टाकलेली पानं एकत्र चिकटून राहतात. पंचावर पसरून दोन्ही हातांनी गोल गोल फिरवा, मग गोळा करून एकदा काटा.

वरचं एक पान कुणीही न पाहता फुलपात्राखाली सरकवा. प्रत्येकाला एक पान द्या. दोघेच खेळत असाल तर आणखी तीन पानं उघडी करून बाजूला मांडा. ती या डावात कुणाच्याच हाती येणार नाहीत. उरलेली गड्डी मध्ये. दोघांत दहा पानं उरतात, तिघांत बारा, चौघांत अकरा. पहिल्या डावाला वयाने सर्वांत लहान असेल त्याने सुरुवात करावी, पुढे आधीचा डाव जिंकलेल्याने.

आपली पाळी आली की गड्डीतलं वरचं एक पान उचला. आता हातात दोन. त्यातलं एक आपल्यासमोर उघडं टाका आणि त्याचं काम करा. दुसरं हातात ठेवा. पाळी डावीकडे जाते. एका खेळीत करायचं ते एवढंच.

पानांची कामं:

एक्का, शिपाई, पाच पानं. एकाचं नाव घ्या आणि त्याच्या हातात कोणतं पान आहे ते सांगा. बरोबर आलं तर तो बाद. एक्का मात्र सांगता येत नाही, दुर्री ते अठ्ठीच.

दुर्री, पुजारी, दोन पानं. एकाचं पान फक्त तुम्ही पाहायचं.

तिर्री, सरदार, दोन पानं. एकाशी आपलं उरलेलं पान ताडून पाहा, दोघांनीच. लहान पानवाला बाद. सारखी आली तर कुणीच नाही.

चौकी, दासी, दोन पानं. तुमची पुढची पाळी येईपर्यंत तुमच्यावर कुणाचंही काही चालत नाही.

पंजी, राजपुत्र, दोन पानं. कुणालाही, स्वतःलाही, हातातलं पान टाकून गड्डीतलं नवं घ्यायला लावा. टाकलेल्या पानाचं काम होत नाही. पण ते अठ्ठी असेल तर तो बाद. गड्डी संपलेली असेल तर फुलपात्राखालचं पान द्यायचं.

छक्की, राजा, एक पान. एकाशी हातातलं पान बदला.

सत्ती, सरदारीण, एक पान. टाकल्यावर तिचं काही काम नाही. पण हातात सत्तीबरोबर पंजी किंवा छक्की आली तर सत्तीच टाकावी लागते.

अठ्ठी, राजकन्या, एक पान. कोणत्याही कारणाने टाकावी लागली की तुम्ही बाद.

बाद झालेल्याने हातातलं पान समोर उघडं ठेवायचं, त्याचं काम करायचं नाही. एकच जण उरला तर डाव त्याचा. गड्डी संपली तर ती शेवटची खेळी पूर्ण करून उरलेल्यांनी पानं उघडायची. मोठं पान ज्याचं त्याचा डाव. सारखी पानं निघाली तर समोर टाकलेल्या पानांची बेरीज करा, ज्याची जास्त तो जिंकला. तीही सारखी आली तर तो डाव पुन्हा वाटा.

नेहमी वाद होतो तो चौकीवरून. बाकीच्या सगळ्यांनी चौकी टाकलेली असेल तर तुमचा एक्का, दुर्री, तिर्री, छक्की वाया जातं: पान टाका, काम नाही. पंजी मात्र वाया जात नाही. दुसऱ्या कुणावर चालत नसेल तर ती स्वतःवरच चालवावी लागते. दोघांच्या डावात समोरच्याने चौकी टाकली आणि तुमच्या हातात पंजी आणि अठ्ठी आली, तर सुटका नाही. अठ्ठी टाकली तर बाद, पंजी टाकली तर ती तुम्हालाच अठ्ठी टाकायला लावते.

टाकलेली पानं रांगेत

सोलापूरकडे, किंबहुना सगळीकडेच, टाकलेली पानं मध्ये ढिगात फेकायची सवय असते. रमीत ते चालतं. इथे प्रत्येकाने आपली पानं आपल्यासमोर, टाकली त्या क्रमाने, एकावर एक अर्धी झाकत मांडायची. नवशिक्यांचा खेळ नेमका इथेच फसतो. ‘हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे’ असं म्हणणारे बहुतेक जण पानं ढिगात टाकणारे असतात, कारण कुणी काय टाकलं आणि कशानंतर टाकलं हे दिसलंच नाही तर अंदाज कशावर बांधणार? सगळी माहिती त्या रांगांमध्ये असते.

तिघांच्या किंवा चौघांच्या डावात पहिली पाळी तुमची आणि हातात एक्का आहे असं समजा. तुम्हाला दोन पानं दिसताहेत, चौदा दिसत नाहीत. समोरच्याकडे चौकी असण्याची शक्यता चौदात दोन, म्हणजे साताला एक. छक्की, सत्ती, अठ्ठी प्रत्येकी चौदात एक. म्हणून पहिला एक्का नेहमी दुर्री ते पंजीपैकी एखादं नाव घेऊन वापरा, आणि तुमच्या हातातलं दुसरं पान त्यांपैकी असेल तर तेवढं सोडून. ‘अठ्ठी!’ म्हणून ओरडायला मजा येते, पण शक्यता निम्मी होते. समोरच्याकडे एक्काच असण्याची शक्यता चौदात चार आहे हेही लक्षात ठेवा. तेव्हा काहीही म्हटलं तरी चुकणारच. एक्का हातात ठेवून बसणं म्हणूनच सुरुवातीला सुरक्षित असतं, तिर्री येईपर्यंत.

तिर्रीचंही गणित सोपं आहे आणि ते पाठ करावं. डावाच्या आरंभी तिर्रीबरोबर पंजी असेल तर न दिसणाऱ्या चौदांपैकी दहा पानं तुमच्यापेक्षा लहान, एक बरोबरीचं, तीन मोठी: बेधडक टाका. चौकी असेल तर आठ लहान, एक बरोबरीचं, पाच मोठी: चालेल, पण जोखीम आहे. दुर्री असेल तर पाच लहान आणि आठ मोठी: तिर्री ठेवा, दुर्री टाका. तिर्रीने कुणाला बाद केलंत तर लगेच सावध व्हा. त्याचं पान उघडं पडलेलं आहे. ती पंजी असेल तर तुमच्या हातात छक्की, सत्ती किंवा अठ्ठीच आहे हे सगळ्यांना कळलं. त्यानंतरची पाळी पार पडेपर्यंत तुम्ही निशाण्यावर.

दुर्रीचा खरा उपयोग नवशिक्यांना कळत नाही. तुम्ही एकाची चौकी पाहिलीत. त्याच्या पाळीला त्याने नवं पान उचललं आणि एक पान टाकलं. टाकलेलं पान चौकी नसेल, तर चौकी अजून त्याच्या हातात आहे. अंदाज नाही, खात्री. (मधे राजा किंवा राजपुत्राने त्याचं पान बदललं नसेल तर.) आता तुमच्याकडे एक्का असेल तर तो गेला. त्याने चौकीच टाकली असेल तर तुम्हाला पुन्हा काही माहीत नाही. छक्कीने पान बदलल्यावरही हेच. तुम्ही दिलेलं पान त्याने टाकलेलं दिसत नाही तोवर ते तिथेच आहे. पण तुमचंही त्याला माहीत आहे, आणि आधी पाळी त्याची येऊ शकते.

एक डाव जवळून

आजी, काका आणि वहिनी खेळताहेत. आजीच्या हातात पंजी, काकांच्या एक्का, वहिनींच्या सत्ती.

आजी एक्का उचलते आणि तोच टाकते. “काका, चौकी?” नाही. काका तिर्री उचलतात, आपला एक्का टाकतात. “वहिनी, पंजी?” नाही. वहिनी छक्की उचलतात. सत्ती आणि छक्की एकत्र आली, नियमाने सत्ती टाकतात. कुणाला काही सांगत नाहीत, सांगायचं नसतंच.

आता आजीची पाळी. तिने पुन्हा एक्का उचलला आहे, हातात पंजी आहेच. समोर सत्ती पडली आहे. ती मुद्दाम टाकली नसेल असं धरलं तर वहिनींकडे पंजी, छक्की किंवा अठ्ठी. पंज्या दोन म्हणून पंजी म्हणावं? इथे थांबून विचार करायचा. एक पंजी आजीच्याच हातात आहे, राहिली एकच. शिवाय काकांनी विचारलं तेव्हा वहिनींकडे पंजी नव्हती. म्हणजे पंजी असेल तर ती नंतर उचललेलीच असायला हवी. छक्की किंवा अठ्ठी मात्र आधीपासूनही असू शकते आणि नंतरही आलेली असू शकते. मोजलं तर पंजीचा एक मार्ग, छक्कीचे दोन, अठ्ठीचे दोन. पंजी बाजूला पडली.

छक्की की अठ्ठी? दोन्हीची शक्यता सारखी. पण आजीच्या हातात पंजी आहे. वहिनींकडे अठ्ठी असली तर पुढच्या पाळीला पंजी टाकून ती काढून घेता येईल. छक्कीला पंजीने कुणी बाद होत नाही, तिला एक्काच लागतो. म्हणून एक्का छक्कीसाठी खर्च करायचा. “वहिनी, छक्की.” वहिनी पान उलटं करतात. बाद.

काकांची पाळी. हातात तिर्री, उचलली चौकी. काका मोजतात. न दिसणारी पानं नऊ: दोन एक्के, दोन दुर्र्या, एक तिर्री, एक चौकी, दोन पंज्या, एक अठ्ठी. चौकीपेक्षा लहान पाच, मोठी तीन. शक्यता आपल्या बाजूची, म्हणून तिर्री टाकतात आणि आजीशी पान ताडतात. चौकीसमोर पंजी. काका बाद, डाव आजीचा.

मोजणी बरोबर होती, वाचन चुकलं. आजीने दोन पाळ्यांत दोन एक्के टाकले आणि सुरुवातीचं पान एकदाही सोडलं नाही. ते पान एक्का किंवा दुर्री असतं तर ती ते इतकं जपून ठेवेल का? पाचातली चार लहान पानं तिथेच गळायला हवी होती. काकांनी चौकी टाकून एक पाळी सुरक्षित काढायला हवी होती. समोरच्याने काय टाकलं यापेक्षा काय टाकलं नाही, हे जास्त बोलतं.

सत्तीबद्दल एक जोड. ती सक्तीशिवायही टाकता येते, आणि आठवड्यातून एकदा तरी टाकावी. हातात सत्ती आणि दुर्री असताना सत्ती टाकली की बाकीचे पंजी-छक्की-अठ्ठीची नावं घेत एक्के उडवतात. पण प्रत्येक डावात केलंत तर चौथ्या डावाला कुणी फसत नाही.

नेहमीच्या चुका

बाद झालेला माणूस बोलतो. त्याने दुर्रीने कुणाचं पान पाहिलेलं असतं, तिर्रीने ताडलेलं असतं, आणि आता गमावण्यासारखं काही नसल्यामुळे तो हसतो, डोळे मोठे करतो. बाद झालेल्याने गप्प बसायचं, हा नियम सुरू करण्याआधीच सांगा. त्याला पन्हं आणायला पाठवणं उत्तम.

एक्क्याला खोटं उत्तर. मुलं फसवतातच असं नाही. पान न पाहता ‘नाही’ म्हणतात. विचारलं की आधी पान पाहायचं, मग उत्तर द्यायचं, ही सवय लावा. चूक नंतर उघडकीला आली तर तो डाव रद्द करून पुन्हा वाटा, मागे जाऊन दुरुस्त करायला जाऊ नका. सत्तीच्या सक्तीचंही तसंच. ती मोडली तर त्या वेळी कुणाला दिसत नाही, म्हणून ती प्रामाणिकपणावरच चालते.

नाव ऐकण्यात घोटाळा. सोलापूरच्या पुष्कळ घरांत, विशेषतः पूर्व भागात, एकाच चादरीवर मराठी, तेलुगू आणि कन्नड चालतं. तेलुगूत पाच म्हणजे ऐदु आणि सात म्हणजे एडु. पंख्याच्या आवाजात आजोबांनी पंजी विचारली आणि नातवाने सत्ती ऐकली तर डाव फुकट जातो. भाषा कोणतीही असू द्या, आकडा सांगताना बोटंही दाखवा.

दोघांच्या डावात बाजूला मांडलेली तीन उघडी पानं विसरणं. तिथे दोन चौक्या पडल्या असतील तर चौकीचं नाव घेणं म्हणजे एक्का फेकून देणं. प्रत्येक एक्क्याआधी नजर एकदा त्या तीन पानांवरून फिरवा.

शेवटच्या दोन पानांत सुरक्षित खेळणं. गड्डीत एक-दोन पानं उरली की लहान पान हातात ठेवून लपण्यात अर्थ नाही, उघडल्यावर हरणारच. तिथे तिर्री असेल आणि सोबत पंजी किंवा वरचं पान असेल तर ती वापरा. हातात दुर्री-तिर्रीच असेल आणि पंजी उचलली असेल, तर समोरच्याचं मोठं पान फोडा.

चिंचोके आणि मोठी मंडळी

प्रत्येक डावाला जिंकणाऱ्याला एक चिंचोका. दोघे असाल तर आधी सात मिळवणारा जिंकला, तिघे असाल तर पाच, चौघे असाल तर चार. दोघांत सात आणि सहा, तिघांत पाच-चार-चार, चौघांत चार-तीन-तीन-तीन: कुठूनही बेरीज करा, जास्तीत जास्त तेराच होते. पूर्ण खेळ साधारण अर्ध्या तासात आटोपतो. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना तीन-चार खेळ सहज होतात, फक्त रांगा मांडायला मांडीवर एखादं वर्तमानपत्र घ्या.

पाच-सहा जण असतील तर २०१९ मध्ये निघालेली एकवीस पानांची आवृत्ती आहे. तीत सहा शिपाई, शून्य आकड्याचे दोन हेर आणि सहा आकड्याचे दोन प्रधान. त्यामुळे राजा सात, सरदारीण आठ, राजकन्या नऊ. प्रधान टाकला की गड्डीतली दोन पानं उचला, हातातलं धरून तिनांतलं एक ठेवा आणि दोन गड्डीच्या तळाशी घाला. डाव संपताना जे शिल्लक आहेत त्यांत हेर एकट्यानेच टाकला असेल तर त्याला एक जादा चिंचोका. पाच-सहा जणांत तीन चिंचोके पुरतात. साध्या कॅटवर हेरासाठी दोन गुलाम आणि सहाव्या शिपायासाठी दुसरी दश्शी घ्या. पण आधी सोळा पानांवर दहा-बारा डाव होऊ द्या. प्रधान आला की तळाची दोन पानं एकालाच माहीत असतात, आणि रांगा वाचायला शिकण्याआधी ते डोक्यावरून जातं.

आवरताना पानं सोळा आणि चिंचोके तेरा मोजून डब्यात भरा. एखादं पान कमी असेल तर आधी फुलपात्राखाली पाहा.